ज्यांना हिशेब येतो, त्यांना गणित का येत नाही?

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कोलकात्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका मुलापुढे गिऱ्हाईक उभे राहते. वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम आणि पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम, अशी त्याची मागणी असते. ही मागणी मुद्दामच अडनिडी केलेली आहे. रोजच्या गिऱ्हाइकासारखी अर्धा किलो, एक किलो अशी ती नाही. मुलगा तराजूतून माल काढता काढता सांगतो, सदतीस रुपये. पुढे केलेल्या नोटेतून तेवढे वजा करून तो मोड परत देतो. हाती कागद नाही, पेन्सिल नाही. मग त्याच मुलापुढे कागद ठेवला जातो. त्यावर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे, शाळेत तिसरी-चौथीत घालतात तसले उदाहरण असते. तेथे मात्र तो अडतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा हा गाभा होय. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले आणि जवळपासच्या शाळांत शिकणारी, पण कधी विक्रीस न बसलेली ४७१ मुले त्यात पाहिली गेली. संशोधकांमध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डफलो हे २०१९ चे नोबेल-मानकरी अर्थशास्त्रज्ञ होते, एलिझाबेथ स्पेल्की या बालमानसशास्त्रज्ञ होत्या आणि स्वाती भट्टाचार्य या बंगाली पत्रकारही होत्या. (बॅनर्जींचे मधले नाव विनायक आहे. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर. कलकत्त्यातील असंघटित कष्टकरी स्त्रियांवर त्यांनी स्वतः मोलाचे संशोधन केले आहे. मुलाच्या कीर्तीत आईचे हे काम झाकून जाऊ नये.)

बाजारातील जवळजवळ सर्वच मुलांनी गुंतागुंतीचे व्यवहार अचूक केले. कोलकात्याच्या मुलांपैकी शालेय पद्धतीचा भागाकार मात्र केवळ ३२ टक्क्यांना जमला. यावर पहिली शंका निघते ती पाठांतराची. रोज तेच तेच विकून भाव तोंडपाठ झाले असतील, बाजूला बसलेला मोठा माणूस सांगत असेल, किंवा कागद पाहून मूल बिचकत असेल. संशोधकांनी या शंका एकेक करून तपासल्या आणि त्यांपैकी कशानेही हा फरक उलगडत नाही असे त्यांना आढळले. काल्पनिक बाजाराचे उदाहरण तोंडी घातले तरी ही मुले ते सोडवीत होती. वस्तू आणि पैसा काढून टाकून नुसते आकडे पुढे ठेवले की ती थांबत होती.

या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग अधिक झोंबणारा आहे, आणि वृत्तपत्रांनी त्याकडे कमी लक्ष दिले. शाळेतील मुलांना साधी आकड्यांची उदाहरणे बाजारातील मुलांपेक्षा बरी जमली. पण बाजारातील जे उदाहरण एक-तृतीयांशाहून अधिक कामकरी मुलांनी सोडविले, ते शाळेतील मुलांपैकी केवळ एका टक्क्यास सुटले. गुणाकार आणि बेरीज अशा दोन क्रिया एकत्र जोडणे त्यांना जमत नव्हते. जे कागदावर मांडीत त्यांची रीत इतकी लांबलचक होती की उत्तर येईपर्यंत कोणतेही गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळले असते. म्हणजे शाळेबाहेरच्या मुलाचे ज्ञान शाळेत चालत नाही आणि शाळेतील मुलाचे ज्ञान दारापलीकडे चालत नाही. दोन्ही ठिकाणची मुले गरिबांचीच आहेत, हेही लक्षात ठेवावे.

हा शोध अगदीच नवा आहे असे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर व अनालुसिया श्लीमान या तिघांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची अशीच पाहणी केली होती आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. रस्त्यावर मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत घातली तेव्हा ३७ टक्केच. पस्तीस क्रुझेरोंचा एक, असे दहा नारळ कितीला, हा प्रश्न एका बारा वर्षांच्या मुलाला विचारला गेला. त्याने दहाने गुणून शून्य जोडले नाही. तीन नारळांचे एकशेपाच, आणखी तीन मिळून दोनशे दहा, अशा टप्प्यांनी तो साडेतीनशेपर्यंत पोहोचला. शाळेने शिकविलेला नियम त्याने वापरला नाही, पण गुणाकार म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. आपल्याकडेही मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी श्रमिक वस्तीतील शाळकरी मुलांच्या घरगुती व कारखानदारी कामांतून येणाऱ्या गणिती ज्ञानाचा शोध काही वर्षांपूर्वी घेतला आहे. म्हणजे चाळीस वर्षे ही गोष्ट विद्वानांना माहीत आहे. वर्गापर्यंत ती का पोहोचली नाही, हा खरा प्रश्न.

महाराष्ट्रात तर तिला त्याहून जुनी पार्श्वभूमी आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांचे पाढे घोकून घेत. साडेतीनचा पाढा आज कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु शेर, पायली, मण यांच्या जगात तो रोजच्या उपयोगाचा होता. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि हे पाढे मागे पडले. दशमान पद्धत निःसंशय सोयीची आणि लोकशाहीला साजेशी. परंतु अपूर्णांक तोंडी पेलण्याची सवय तिच्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी काय आणावयाचे याचा विचार फारसा झाला नाही.

मात्र या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत बसत होते कोण? कारकुनी करणाऱ्यांची आणि दुकान चालविणाऱ्यांची मुले. शूद्रातिशूद्रांना आणि मुलींना तिचे दार बंद होते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे असावे या मागणीबरोबरच अभ्यासक्रमाचाही तपशील होता : मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, आणि शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान. त्यांना हिशेब हवा होता तो मुलाने दुकानात बसावे म्हणून नव्हे. सावकाराचे खाते आणि सरकारी दप्तर ज्याला वाचता येत नाही तो लुबाडला जातो, हे त्यांनी पाहिले होते. लिहिता येणारे गणित ही त्यांच्या दृष्टीने संरक्षणाची बाब होती.

म्हणूनच या नव्या संशोधनाचा अर्थ लावताना दोन घसरणी टाळल्या पाहिजेत. पहिली अशी की, बाजारातील मुलाला इतके येते, तर त्याला शाळा कशाला हवी, असे म्हणणारे लोक निघतील. ते सरळ शब्दांत तसे म्हणणार नाहीत. ‘कौशल्य’, ‘अनुभवातून शिक्षण’ असे गोंडस शब्द वापरतील. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. कुटुंबाचा धंदा म्हणजे मारवाडी पेढी नव्हे. बहुतेक ठिकाणी तो विड्या वळणे, जरीकाम, हातगाडी असाच असतो. तराजू धरणाऱ्या मुलाची बुद्धी मान्य करणे आणि त्याच्या हातातला तराजू मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी घसरण उलट्या दिशेची. तोंडी हिशेब पुरेसा आहे असे मानणे हीदेखील फसवणूकच. बीडचे जोडपे कोयता घेऊन साखर कारखान्याच्या हद्दीत जाते तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल, टनामागे मिळणारा दर, झालेली कपात हे सारे कागदावर असते, आणि कागद मुकादमाकडे असतो. बचतगटाचे व्याज, लहान कर्जाचा साप्ताहिक हप्ता, विजेचे बिल, विम्याची अट यांपैकी काहीही तोंडी होत नाही. सत्ता कागदावर राहते. बाजारातले मूल सदतीस रुपयांत फसणार नाही. पण शेकडा चोवीसच्या व्याजात ते फसेल, आणि ते फसू नये यासाठीच शाळा आहे.

आता प्रश्न मोजमापाचा. २००५ पूर्वी सरकार शिक्षणाचा हिशेब देई तो खोल्यांचा, पटाचा आणि गळतीचा. मुलांना काय येते याकडे फारसे लक्ष नसे. त्या वर्षी मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ पाहणी सुरू झाली. खेड्यातल्या घरी जाऊन, एकेका मुलाला जवळ बसवून चार ओळी वाचायला आणि एक वजाबाकी, एक भागाकार करायला सांगण्याची ही साधी रीत. तिने अनेकांची झोप उडविली, आणि ते योग्यच झाले. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ५०.३ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरली. पाचवीत भागाकार येणारी मुले २०२४ मध्ये ३०.७ टक्के होती.

हे आकडे खोटे नाहीत. पण ते काय मोजतात ते नीट सांगितले पाहिजे. ज्या प्रकारचा भागाकार कोलकात्याच्या मुलांना अडला, त्याच प्रकारचा भागाकार या पाहणीतही असतो. म्हणजे उरलेल्या सत्तर टक्क्यांत दोन निरनिराळ्या अवस्थांची मुले मिसळलेली असणार : ज्यांना भागणे म्हणजे काय हेच कळलेले नाही ती, आणि ज्यांना वाटणी करता येते पण तिची लिखित मांडणी येत नाही ती. या दोघांना एकच औषध चालणार नाही. शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा, आणि टक्केवारीत तो दिसत नाही.

संशोधनाच्या पद्धतीबद्दलही दोन शब्द. गेल्या पंचवीस वर्षांत शिक्षणाच्या अर्थशास्त्रात चिठ्ठ्या टाकून प्रयोग करण्याची रीत रुळली. शंभर शाळांपैकी कोणत्या पन्नास शाळांत नवी योजना करावयाची हे नशिबावर सोपवायचे, आणि वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांची तुलना करायची. औषधांच्या चाचणीतली ही रीत. भारतातील तिचा पहिला गाजलेला प्रयोग मुंबई व बडोदा येथील पालिका शाळांत २००१ नंतर झाला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोन तास वेगळे बसवून वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीने, म्हणजे बालसखीने, शिकवायचे. मुलांची प्रगती निश्चित दिसली. वर्षभरानंतर पुन्हा तपासले तेव्हा तिचा मोठा भाग ओसरलेला होता. बालसखीचे मानधन दरमहा ५०० ते ७५० रुपये होते.

अशा संशोधनातून राज्यकर्ते काय उचलतात? मुले मागे का पडली, हे नव्हे. पाचशे रुपयांत शिकविणारी मिळते, हे. महाराष्ट्रात सन २००० पासून शिक्षणसेवक दरमहा ३,००० रुपयांवर नेमले गेले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन १६,००० व्हायला २०२३ साल उजाडले. हा निर्णय त्या संशोधनातून निघाला नाही, संशोधनाच्या आधीचाच आहे. पण पुढे ‘कंत्राटी शिक्षकही तेवढेच शिकवितात’ हा सिद्धान्त अशा निर्णयांच्या समर्थनार्थ उपयोगी पडला. केनियात कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग स्वयंसेवी संस्थेने केला तेव्हा फळला. तोच सरकारी यंत्रणेने चालविला तेव्हा परिणाम शून्य आला. ही बाजू क्वचितच सांगितली जाते. २०१५ चे नोबेल-मानकरी अँगस डीटन यांचा आक्षेप नेमका येथे आहे. एखादी गोष्ट एका ठिकाणी चालली, एवढे प्रयोग सांगतो. ती का चालली आणि दुसरीकडे चालेल काय, हे तो आपोआप सांगत नाही.

तरीही याच प्रयोगमालेतील एक निष्कर्ष शिक्षकांनी स्वतःच्या बाजूने मांडावा असा आहे, आणि शिक्षकसंघटनांनी तो मांडलेला नाही ही खेदाची गोष्ट. २००८ मध्ये बिहारमधील सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत वाचन-गणिताची शिबिरे घेतली. मुले इयत्तेनुसार न बसविता त्यांना जे येते त्यानुसार बसविली. मुलांनी भराभर प्रगती केली. शाळा सुरू झाल्यावर त्याच राज्यात शिक्षकांना तसले साहित्य आणि प्रशिक्षण दिले गेले. परिणाम जवळजवळ काहीच नाही. उत्तराखंडात मदतीला दिलेल्या स्वयंसेवकांना शाळांनी नेहमीच्या तासांना जुंपले. तेथेही काही साधले नाही. माणसे तीच, साहित्य तेच. जूनपासून फरक पडला तो पाठ्यपुस्तक संपविण्याच्या धाकाचा. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात रोजचा एक तास या कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवला आणि केंद्रपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्गात उभे राहून शिकवून पाहिले. तेव्हा सरकारी शाळेत, शाळेच्याच वेळेत, मुलांचे वाचन सुधारले.

शिक्षक कामचुकार असतो, त्याच्या डोक्यावर पहारा हवा, असे मानणारा एक प्रवाह याच संशोधनात आहे. उदयपूरजवळच्या एकशिक्षकी शाळांत हजेरीसाठी कॅमेरा दिला आणि पगार हजर दिवसांना बांधला, तर गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली, हे खरे. पण हजर झालेल्या शिक्षकाने काय करावे हे कॅमेरा सांगत नाही. त्याचे उत्तर बिहारच्या उन्हाळ्यात मिळते.

येथे कायद्याचे कलम उघडून पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २४ वे कलम शिक्षकाची कर्तव्ये सांगते. संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करावा, हे एक उपकलम. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून त्यानुसार जादा शिकवावे, हे लगेच पुढचे. पाचवीच्या वर्गात दुसरीचे वाचन न येणारी निम्मी मुले असता ही दोन्ही कर्तव्ये एकाच तासात कशी पार पाडावीत, याचे उत्तर कायद्यात नाही. व्यवहारात पहिल्या कर्तव्याची तपासणी होते, दुसऱ्याची होत नाही. २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे लावू नयेत असे म्हणते. त्याचे काय होते ते समोर बसलेल्यांना सांगायला नको.

वर्गातले गणित आणि तोंडातले गणित यांच्यामध्ये भाषेचीही एक पायरी आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बत्तीसला ‘तीस दोन’ असे वाचण्याचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली! विधिमंडळात आडनावांवर कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक, लिहिताना मात्र उलट, शिवाय जोडाक्षरांचे नवेच शब्द पाठ करावे लागतात, लहान मुलाला यात अडचण येते. हा पर्याय बरा की वाईट यावर मतभेद असू शकतात. बाजारात ‘बत्तीस’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तीस दोन’ परका वाटेल, असा आक्षेपही घेता येईल. पण हा विषय वर्गात प्रयोग करून, मुलांना विचारून ठरवावयाचा होता. तो विनोदावर ठरला. ज्या समाजात शिक्षणविषयक संशोधनाची ही किंमत, तेथे ते बाहेरून, बाहेरच्या पैशाने आणि बाहेरच्या प्रश्नांसह आले, तर तक्रार कोणाविरुद्ध करावी?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वर्षातून एकदा बालबाजार भरतो. मुले घरून मेथीच्या जुड्या, शेंगा, भेळ आणतात, भाव ठरवितात, गल्ला मोजतात. सरपंच येतात, छायाचित्रे निघतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सुचविले, त्यांतला एखादा यात सहज बसतो. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तकाचे तेच पान उघडते, जेथे आदल्या दिवशी ते राहिले होते. त्या दुसऱ्या दिवशी, पाच रुपयांना दोन जुड्या या भावाने सत्तावीस जुड्यांचे पैसे मनात कसे काढले हे ज्या मुलीला ठाऊक आहे तिला फळ्याशी उभे करावे. ती म्हणेल, सव्वीस जुड्यांच्या तेरा जोड्या, त्यांचे पासष्ट, आणि उरलेल्या एकीचे अडीच. तिने जे सांगितले ते शिक्षकाने तिच्याच क्रमाने आकड्यांत लिहावे, आणि त्याच्या शेजारी पुस्तकातली रीत मांडावी. सत्तावीस भागिले दोन म्हणजे तेरा आणि बाकी एक, हे दोन्ही मांडण्यांत कोठे बसले आहे ते मग मुलांनीच शोधावे. याला एक तास लागतो, कदाचित दोन. तो तास वेळापत्रकात लिहून मिळावा, केंद्रप्रमुखाने पाठ्यक्रम किती झाला एवढेच न विचारता हा तास झाला काय हेही विचारावे, अशी मागणी शिक्षकांच्या पुढच्या अधिवेशनात वेतनाच्या मागणीच्या शेजारीच ठेवता येईल.